काळ्या टेपवरचा दोरा

माझ्या भावाने माझी भट्टी उपाशी मारली, असं मी त्या सकाळी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, आणि सांगताना मला मनापासून बरं वाटलं.

पुरावा टेबलावर मांडलेला होता. भट्टीतून नुकतेच काढलेले मातीचे कप. त्यांच्यावरचा लेप वितळून काचेसारखा चकाकायला हवा होता. तो वितळलाच नव्हता. बोट फिरवलं तर खडूवर फिरवल्यासारखं वाटायचं. सलग तिसरी खेप अशी वाया गेली होती.

"तुझ्या लाइनीतून करंट पोचत नाही," मी भावाला म्हटलं.

"तुझ्या भट्टीची तापणारी कॉइल मेलीय," तो म्हणाला. "स्वतःच्या हाताने गुंडाळलेली. आणि दोष माझ्या लाइनीला."

आमचं घर म्हणजे पुढे दुकान, मध्ये बाबांची खोली, तिच्यातून वर जाणारा जिना, आणि मागच्या अंगाला एक खोली. दुकान बाबांचं आणि भावाचं: वायरिंगची कामं, मोटारी, हीटर, कारखान्यांना लागणाऱ्या लांब वायरी जोडून देणं. वरचा मजला भाऊ आणि वहिनीचा. मागची खोली माझी आणि माझ्या भट्टीची. नवऱ्याला सोडून मी आले तेव्हा एक बॅग आणि मातीचं चाक घेऊन आले होते. भट्टी इथे आल्यावर बांधली. बाबांनी ती खोली मला दिली, तो दिवस आणि आजचा दिवस, भाऊ माझ्याशी सरळ तोंडाने एक वाक्य बोलला असेल तर शपथ. त्याला ती खोली गोडाऊनसाठी हवी होती. गिऱ्हाइकं त्याच्या पाठीमागे त्याला 'फ्यूज' म्हणायची, कारण तो कधी उडेल याचा नेम नसे. मी तोंडावर म्हणायचे.

भांडण दुकानात बाबांसमोर गेलं. बाबा स्टुलावर बसून एका वायरीचं टोक सोलत होते. सोलताना हात किंचित थरथरत होता, पण तो बरेच दिवस थरथरत होता आणि आम्ही त्याकडे बघणं सोडून दिलं होतं.

"ओरडू नका," ते म्हणाले. "मोजा. कॉइलचा दोष निघाला तर भट्टी त्या खोलीतून हलेल. लाइनीचा निघाला तर हा नवी लाइन ओढेल, आणि पुन्हा भट्टीचं नाव काढणार नाही. आलं लक्षात?"

दोघांनाही आलं. भट्टी हलली की माझं काय, हे कुणी बोललं नाही. ती ठेवायला मला दुसरी जागा नव्हती, आणि भट्टीशिवाय मी त्या घरात केवळ नवऱ्याला सोडून आलेली बहीण उरणार होते. वहिनी जिन्यात उभी राहून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर गोडाऊन दिसत होतं.

फ्यूजने मीटर घेतला आणि मागे आला. भट्टी बंद होती. तिच्या सॉकेटमध्ये त्याने मीटरच्या दोन सुया घातल्या आणि बाबांना ऐकू जाईल असं ओरडला, "दोनशे तीस व्होल्ट! पुरते दोनशे तीस! कोण म्हणतं पोचत नाही?"

मग भट्टी सुरू केली, ती लाल होईपर्यंत थांबला, आणि क्लॅम्प मीटरचा जबडा वायरीभोवती बसवला. हा जबडा वायरीला न कापता तिच्यातून किती करंट जातोय ते सांगतो. चौदा पॉइंट सहा अँपिअर. भट्टीच्या पत्र्यावर मी स्वतः लिहिलं होतं: दोनशे तीस व्होल्ट, सोळा अँपिअर.

त्याने भिंतीवर पेन्सिलने हिशोब मांडला. माझ्या भिंतीवर. दोनशे तीस भागिले चौदा पॉइंट सहा.

"पावणेसोळा ओहम," तो म्हणाला. "आणि असायला हवा किती? दोनशे तीस भागिले सोळा, चौदा पॉइंट चार. रेझिस्टन्स वाढलाय. कॉइल जळत जळत बारीक झालीय म्हणून करंट कमी खेचतेय. बाबा! पावणेसोळा येतोय!"

बाबा दारापर्यंत आले होते. त्यांनी भिंतीवरचा आकडा बघितला आणि मान हलवली. "मग कॉइलच," ते म्हणाले.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की हातातला कप मी जवळजवळ फेकलाच होता. मी सात वर्षांची असताना ज्या माणसाने मला शिकवलं की व्होल्ट आणि अँपिअर एकाच वेळी, एकाच ठिकाणी मोजायचे, एक आत्ताचा आणि एक मघाचा घेऊन भागायला बसलीस तर मीटर फेकून दे, तोच माणूस आज पोराच्या बाजूने मान हलवत होता. मला वाटलं, मुलगा तो मुलगा. शेवटी रक्ताला रक्त, मी काय उकिरड्यावरून आलेय! त्यांनी ती चूक बघितलीच नसेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

"दोनशे तीस कधी मोजलेस?" मी भावाला विचारलं.

"आत्ता. तुझ्या डोळ्यांसमोर."

"भट्टी बंद असताना. आणि करंट?"

तो भिंतीवरच्या आकड्यांकडे बघायला लागला. धंदा येत नव्हता असं नाही, चांगला येत होता. पण जिंकायची घाई झाली की त्याचं डोकं त्याच्या आधी बाहेर पडायचं.

"नळ बंद असताना पाण्याला जोर आहे म्हणून नाचतोस?" मी म्हटलं. "उघडल्यावर किती येतंय ते मोज ना. दे इकडे."

मी त्याच्या हातातून मीटर ओढून घेतला. भट्टी धगधगत असताना तिच्याच दोन टोकांवर सुया ठेवल्या. दोनशे दहा. क्लॅम्प अजून चौदा पॉइंट सहाच दाखवत होता. मी त्याच्या हिशोबाखाली माझा मांडला, आणि पेन्सिल मुद्दाम जोरात दाबली. दोनशे दहा भागिले चौदा पॉइंट सहा: चौदा पॉइंट चार. माझी कॉइल होती तशी होती. मग गुणाकार केला. भट्टीला मिळायला हवे होते तीन हजार सहाशे ऐंशी वॅट, मिळत होते तीन हजार सहासष्ट. सहाशे वॅट कमी पडल्यावर लेप वितळणार कसा, माझ्या रागावर?

"आता मेन बोर्डावर मोज," मी म्हटलं. "भट्टी चालू ठेवून. नाहीतर पुन्हा विसरशील."

बोर्डावर दोनशे चोवीस आले. म्हणजे सहा व्होल्ट बाहेरूनच कमी होते, ते आमच्या हातात नव्हतं. पण बोर्डापासून भट्टीपर्यंत आणखी चौदा व्होल्ट वाटेत गळत होते, आणि ती वाट माझ्या भावाने घातलेली होती. नुसती त्याच्याकडे बघून हसले. तेवढं पुरलं.

"एवढ्या लांबीच्या वायरीत चार व्होल्ट जाणारच," तो कसाबसा म्हणाला.

"चार जाऊ देत. उरलेले दहा कुठे आहेत?"

ते कुठे आहेत हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. त्या लाइनीत एकच जागा अशी होती जिथे वायर सलग नव्हती. मागच्या वर्षी सुताराने बाबांच्या खोलीची चौकट बदलताना लाइन कापली होती. जिन्याखाली एक डबी बसवून ती पुन्हा जोडली, तेव्हा बाबा आणि फ्यूज दोघे मिळून बसले होते. जाणारी एक वायर, येणारी एक वायर. एक जोड बापाने मारला, एक मुलाने.

आता आमच्या दुकानाची एक रीत सांगायला हवी. ज्याने जोड मारला त्याची खूण त्या जोडावर राहते. भाऊ लाल टेप लावतो. बाबा काळी टेप लावतात आणि तिच्यावर मेण लावलेला दोरा गुंडाळून एक गाठ मारतात, अशी की टोक कुठे गेलं ते दिसत नाही. जोड तापला तर डबी उघडायची, खूण बघायची, आणि ज्याची खूण त्याने पक्कड खाली ठेवायची. या एका नियमापायी बाबांनी चांगले चांगले कारागीर घरी बसवले होते. स्वतःबद्दल ते म्हणायचे, "माझा जोड तापला त्या दिवशी पक्कड फेकून देईन आणि खाटेवर पडेन तो कायमचा." आई गेल्यावर हे वाक्य ते जास्त वेळा म्हणायला लागले होते. ती गेल्यानंतर त्यांना सकाळी उठवणारं दुसरं काही उरलं नव्हतं, हे आम्ही दोघंही जाणून होतो. एवढ्या एका गोष्टीवर आमचं एकमत होतं.

"लाल टेप," मी म्हटलं. "पैज लाव."

"तोंड आवर."

जिन्याखाली वाकूनच जावं लागतं. बाबांचे गुडघे तेवढे वाकत नाहीत. ते पलीकडे आपल्या खाटेवर बसले, मधल्या लाकडी फळीला टेकून. महिनाभर ते सांगत होते की ही फळी उबदार लागते, खांद्याला शेक मिळतो, बरं वाटतं. वहिनी म्हणाली होती, म्हातारपणी असे भास होतात. मीही हसले होते.

फ्यूजने डबीचं झाकण काढलं आणि जळक्या रबराचा वास आला. फळीची आतली बाजू तळहाताएवढी काळी पडली होती. बाबांचं डोकं तिच्या दुसऱ्या बाजूला होतं.

लाल टेप तशीच्या तशी होती. नवीकोरी, थंड.

काळी टेप वितळून थेंब थेंब लोंबत होती. तिच्यावरचा दोरा करपला होता, पण गाठ शाबूत होती. सुंदर गाठ.

आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून बघत राहिलो. मग त्याने सुया लाल जोडाच्या दोन बाजूंना टोचल्या: काटा हलला न हलल्यासारखा. मग काळ्या जोडाच्या दोन बाजूंना. दहा व्होल्ट. ते हरवलेले सगळे दहा.

दहा गुणिले चौदा पॉइंट सहा. हा गुणाकार करायला पेन्सिल लागत नाही. एकशे शेहेचाळीस वॅटची धग. माझ्या बापाच्या उशीमागे, बंद डबीत, सुक्या लाकडाला चिकटून, भट्टी चालू असेल तेवढा सगळा वेळ.

"सापडलं का रे?" पलीकडून बाबांचा आवाज आला.

फ्यूजने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. इतक्या जवळून आम्ही एकमेकांना कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं, आणि त्याच्या डोळ्यांत मला कोणताही मायेचा भाव दिसला नाही. त्याला तिथे माझ्याऐवजी दुसरं कुणीही चाललं असतं.

"मेन पाड," तो कुजबुजला. मी जाऊन मेन स्विच पाडला. परत आले तेव्हा त्याने तो जोड कापून काढला होता आणि नखांनी टेप खरवडत होता. दोरा ओढून तोडला आणि खिशात घातला.

"कुणाचा निघाला?" बाबांनी विचारलं.

"माझा, बाबा," तो म्हणाला. मोठ्याने, नीट, जिन्यातल्या वहिनीलाही ऐकू जाईल असा.

पलीकडे खाट करकरली. मग, "तुझ्या बहिणीला विचारतो. पोरी, तू बघितलंस? कुणाचा?"

हेच वाक्य मी सकाळपासून तोंडात घोळवत होते. त्याचाच, त्याच्याच लाल टेपचा, घ्या, बघा तुमच्या लाडक्याची करणी! आता ते मला बोलायचं होतं, आणि दोरा घातलेल्या त्याच्या खिशावरून माझी नजर हलेना.

"लाल टेप, बाबा," मी म्हटलं. "त्याचाच."

"आण इकडे."

भावाने तो काळवंडलेला तांब्याचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला, तुकडा डोळ्यांजवळ नेला, अंगठ्याने चाचपला. स्वतःचा हात माणूस ओळखतो, असं मला वाटत होतं.

"दीड वेढा," ते म्हणाले. "दीड! आणि आत रबराचा तुकडा राहिलाय, नीट सोललंसुद्धा नाही. शेंबडं पोरही असा जोड मारणार नाही. डोळे फुटले होते का तुझे? हाताला लकवा भरला होता का?"

"चुकलं, बाबा."

"चुकलं म्हणतो! या फळीला डोकं टेकून मी झोपतो. बापाला भाजून काढायला निघाला होतास. चाळिशी आली, दोन मुलांचा बाप झालास, आणि तुला एक जोड मारता येत नाही. पक्कड दे इकडे."

त्याने कमरेची पक्कड काढून दिली. वहिनी पायरीवर बसली होती, पदराचं टोक मुठीत घट्ट धरून. बाबा बोलत राहिले. तो पहिल्यांदा नापास झाला तेव्हापासून ते त्याने मोडलेल्या पहिल्या मोटारीपर्यंत सगळं त्यांनी बाहेर काढलं, आणि तो मान खाली घालून उभा राहिला. जो माणूस मीठ कमी पडलं तरी ताट सरकवायचा, तो ऐकत उभा राहिला. मला आनंद व्हायला हवा होता. मी वर्षानुवर्षं ज्याची वाट बघितली तेच माझ्यासमोर घडत होतं, आणि मला तिथून निघून जावंसं वाटत होतं.

"आजपासून या दुकानातला प्रत्येक जोड मी मारणार," बाबा शेवटी म्हणाले. "तू नुसत्या वायरी ओढायच्या. कळलं? मी जिवंत असेपर्यंत."

"कळलं."

वहिनी माझ्या वाटेत उभी राहिली. "झालं समाधान, वन्सं?" ती म्हणाली. "खोली मिळाली. आता माझ्या नवऱ्याची अब्रू पण ठेवून घ्या मागच्या खोलीत, कपांच्या शेजारी." मी तिला उत्तर दिलं नाही. तो ती माझा माज समजली, आणि अजून समजते.

मी भावाला मागच्या दारी गाठलं. म्हटलं, "अरे, तू हे…"

"आभार मानलेस तर थोबाडीत देईन," तो म्हणाला. "तुझ्यासाठी नाही केलं. तुझी भट्टी आजही माझ्या डोक्यात जाते."

"मला कुठे आभार मानायचेत? मी विचारणार होते, आता ते जे जोड मारतील त्यांचं काय?"

तो उडणार असं मला वाटलं. पण तो तसाच उभा राहिला, रिकाम्या कमरेवर हात ठेवून, आणि मला दिसलं की त्याचाही हिशोब तिथेच येऊन थांबला होता.

दुसऱ्याच दिवशी बाबांनी एका कारखान्यासाठी लांब वायर जोडली. मन लावून, पूर्ण दुपारपर्यंत. काळी टेप, मेणाचा दोरा, गाठ. जेवून ते खाटेवर आडवे झाले. फ्यूज ते भेंडोळं खांद्यावर टाकून माझ्या खोलीत आला; तिथपर्यंत नवी, सलग लाइन त्याने सकाळीच ओढली होती. त्या वायरीत खोट आहे का हे बघायचं तर तिच्यातून पंधरा अँपिअर न्यायला हवेत, आणि पंधरा अँपिअर खाणारी एकच वस्तू त्या घरात होती. त्याने माझी भट्टी त्या वायरीवर लावली. "पेटव," म्हणाला, माझ्याकडे न बघता.

पहिल्या जोडावर तीन व्होल्ट पडत होते. तीन पंधरे पंचेचाळीस वॅट. दुसरा ठीक होता. तिसऱ्यावर पाच.

भट्टी बंद करून त्याने टेप सोडवली, जोड उलगडला, स्वच्छ घासून पुन्हा मारला. सरळ, घट्ट, चांगला जोड. काळी टेप गुंडाळली. मग दोरा हातात घेऊन बसला. एकदा गुंडाळला, सोडला. पुन्हा गुंडाळला. दोऱ्याचं टोक बाहेर दिसत राहिलं.

"कसली मारतात ही गाठ?" तो चिडून म्हणाला.

लहानपणी बाबांच्या शेजारी बसून दोऱ्याचं दुसरं टोक मी धरायचे. हा तेवढा वेळ कधी एका जागी बसलाच नाही.

"हो बाजूला," मी म्हटलं.

"घट्ट मार."

"मला शिकवू नकोस."

"आणि मातीचे हात धुऊन ये आधी. डाग दिसतील."

मी हात धुऊन आले. गाठ मारली, टोक आत सरकवलं. त्याने उजेडात धरून बघितली आणि दुसरा जोड माझ्यापुढे सरकवला. मग मी दुसरी मारली.

संध्याकाळी वायर न्यायला माणूस आला, तेव्हा बाबांनी ती त्याला देण्याआधी शेवटच्या जोडावरून अंगठा फिरवला. दोऱ्यावर थांबले. मी दारात होते, भाऊ काउंटरपाशी भेंडोळं बांधायला वाकला होता.

"इकडे ये," बाबा त्याला म्हणाले. त्याचा हात धरून त्यांनी तो जोडावर ठेवला. "हात लावून बघ. याला म्हणतात जोड. जन्मात कधी असा मारशील?"

"नाही, बाबा," तो म्हणाला.